वाचकांचे प्रश्न : न्यायाधीश लर्नेड हँड, त्यांची वाक्यं आणि त्यांचे निकाल

गेल्या अंकात अमेरिकेतले न्यायाधीश लर्नेड हँड (१८७२–१९६१) यांच्यावर पानभर टिपण छापलं होतं. सर्वोच्च न्यायालयात कधीच न बसलेला, तरीही वकिलांच्या तोंडी कायम असलेला माणूस, एवढीच ओळख त्यात होती. आलेल्या पत्रांत कायद्याच्या विद्यार्थ्यांची पत्रं जास्त. शिवाय ट्रॉलरमालक, सीए आणि नाटककारही आहेत. बऱ्याच पत्रांत हँड यांचं एखादं वाक्य उचललं आहे, पण त्या खटल्यात जिंकलं कोण याचा पत्ता नाही. म्हणून खालच्या उत्तरांत निकालाला वाक्याइतकीच जागा दिली आहे.

‘फेडरल अपील्स जज’ म्हणजे नेमकं कोण? पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात बसणारे न्यायमूर्ती त्याच पायरीवरचे का? — वाचक, साखळी

पायरी साधारण तीच, जिना वेगळा. अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात. राज्याची कोर्टं मुख्यतः राज्याचा कायदा बघतात. संघराज्याच्या कोर्टांकडे संघराज्याचे कायदे, कर, पेटंट, कॉपीराइट, समुद्रावरचे अपघात आणि दोन वेगळ्या राज्यांतल्या पक्षकारांमधले काही दावे जातात. या दुसऱ्या व्यवस्थेत खाली डिस्ट्रिक्ट कोर्ट, मध्ये सर्किटचं अपील कोर्ट आणि वर सर्वोच्च न्यायालय. मधली पायरी १८९१ च्या कायद्याने आली. हँड ज्या सेकंड सर्किटमध्ये होते तिच्याकडे न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट ही राज्यं येतात. तिथे तीन न्यायाधीशांचं पीठ बसतं. साक्षीदार उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टाचे कागद वाचायचे, वकिलांना ऐकायचं आणि निकाल लिहायचा.

आपल्याकडे जिना एकच आहे. कायदा गोवा विधानसभेचा असो की संसदेचा, तालुक्याच्या कोर्टातून निघालेला दावा त्याच वाटेने पर्वरीला पोचतो. गोव्याने मात्र वरच्या कोर्टाची तीन रूपं पाहिली आहेत: १५४४ पासूनचं पोर्तुगीज रेलासांव, मुक्तीनंतर ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट, आणि ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ.

मोठा फरक वयाचा. आपले उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेतला संघीय न्यायाधीश वर्तन नीट असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात आजन्म, पदावर राहतो. हँड यांचे ज्यांची नावं आज घेतली जातात ते बरेच निकाल त्यांच्या साठीनंतरचे आहेत.

त्यांचं घराणं, शिक्षण, नोकरी यांचा थोडक्यात आराखडा द्याल का? — शिक्षिका, म्हापसा

जन्म २७ जानेवारी १८७२, न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी इथे. पूर्ण नाव बिलिंग्ज लर्नेड हँड. ‘लर्नेड’ हे आईचं माहेरचं आडनाव, आणि मोठेपणी त्यांनी ‘बिलिंग्ज’ गाळून टाकलं. आजोबा न्यायाधीश, वडील सॅम्युएल हँड नामवंत वकील. वडील गेले तेव्हा मुलगा १४ वर्षांचा होता. हार्वर्डला आधी तत्त्वज्ञान, मग कायदा. १८९६ मध्ये कायद्याची पदवी. ऑल्बनीत आणि पुढे न्यूयॉर्क शहरात वकिली केली, पण त्यात ते चमकले नाहीत. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या दक्षिण विभागाच्या डिस्ट्रिक्ट कोर्टावर नेमलं. १९२४ मध्ये कूलिज यांनी सेकंड सर्किटवर बढती दिली. १९३९ मध्ये तिथले ज्येष्ठ न्यायाधीश मार्टिन मँटन यांनी लाचखोरीच्या प्रकरणात राजीनामा दिला, त्यांना पुढे शिक्षाही झाली, आणि ज्येष्ठपद हँड यांच्याकडे आलं. डागाळलेल्या कोर्टाची पत पुन्हा उभी राहिली ती पुढच्या दहा-बारा वर्षांत. १९५१ मध्ये त्यांनी नियमित पद सोडलं, तरी कोर्टात बसणं थांबवलं नाही. मृत्यू १८ ऑगस्ट १९६१, वय ८९.

मूट कोर्टसाठी (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यासाठी) आम्हाला ‘हँड फॉर्म्युला’ मांडायचा आहे. बी, पी, एल ही अक्षरं पाठ आहेत, पण परीक्षकांनी उलट प्रश्न विचारला की गाडी अडते. — कायद्याची विद्यार्थिनी, मिरामार

अडते कारण सूत्र पाठ असतं आणि बार्ज विसरलेली असते. आधी घटना घ्या.

जानेवारी १९४४, युद्धाचे दिवस, न्यूयॉर्क बंदर गजबजलेलं. ‘ॲना सी’ ही पिठाने भरलेली बार्ज (माल वाहणारी सपाट बोट) इतर बार्जांबरोबर धक्क्याला बांधलेली होती. ‘कॅरोल’ नावाचा टग (बार्ज ओढणारी बोट) एक बार्ज बाहेर काढायला आला. त्यासाठी दोर सोडून पुन्हा बांधले गेले, ते नीट बांधले गेले नाहीत, आणि सगळी रांग सुटून वाहत निघाली. ‘ॲना सी’ एका टँकरवर आदळली आणि त्याच्या पंख्याने तिच्या तळाजवळ भोक पाडलं. मदतीला धावलेल्या टगांवर पाणी उपसायचे पंप होते. पण बार्जवर माणूसच नव्हता, त्यामुळे खालून पाणी शिरतंय हे कुणाला कळलं नाही. ती कलंडली, पीठ पाण्यात गेलं, बार्ज बुडाली. तिच्यावरचा रखवालदार आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला उतरला होता, म्हणजे २१ तास गैरहजर, आणि त्याने दिलेलं कारण कोर्टाला बनावट वाटलं.

प्रश्न असा होता: चूक टगवाल्यांची असली तरी माणूस न ठेवणाऱ्या बार्जमालकाचीही नाही का? १९४७ च्या निकालात हँड यांनी तीन गोष्टी समोरासमोर ठेवल्या. पी म्हणजे बार्ज सुटण्याची शक्यता, एल म्हणजे सुटलीच तर होणारं नुकसान, बी म्हणजे खबरदारीचा बोजा. पी गुणिले एल हे बीपेक्षा जास्त असेल आणि तरी खबरदारी घेतली नसेल, तर तो निष्काळजीपणा. मालकाच्या भरपाईला त्यामुळे काट बसली.

आता मांडवीतलं कल्पित उदाहरण घ्या. आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. खनिज भरलेली बार्ज आणि माल मिळून २ कोटी रुपये. पावसाळी वाऱ्यात दोर सुटून ती बुडण्याची शक्यता दिवसाला २०,००० त १. गुणाकार १,००० रुपये. दिवसभर माणूस ठेवायचा खर्च ८०० रुपये. माणूस ठेवला नाही तर मालक दोषी. तीच बार्ज शांत हवेत, शक्यता लाखात १: गुणाकार २०० रुपये, आणि आता ८०० रुपये खर्चायची सक्ती नाही. पी बदलला की उत्तर बदलतं, हेच हँड यांना दाखवायचं होतं. माणूस नेहमी हवा किंवा कधीच नको, असा सरसकट नियम होऊ शकत नाही.

उलट प्रश्नांत विद्यार्थी अडकतात ते साधारण असे. खर्च वर्षाचा आणि शक्यता एका दिवसाची धरली जाते. दोन्हीला एकच कालावधी हवा. एलच्या जागी प्रत्यक्ष झालेलं नुकसान भरलं जातं, खरं तर त्या सकाळी जे नुकसान दिसण्याजोगं होतं ते भरायचं. बी म्हणजे फक्त पगार समजला जातो. हँड यांनी त्यात माणसाची अडचणही धरली: बार्ज हा रखवालदाराचा तुरुंग होता कामा नये, त्याला कधीतरी किनाऱ्यावर जावंच लागणार, असं निकालात स्पष्ट आहे. म्हणून निकाल तरी किती अरुंद ठेवला बघा. त्या परिस्थितीत, दिवसाउजेडी कामाच्या वेळात, सबळ कारण नसेल तर माणूस हवा. रात्रीबद्दल त्यांनी काही ठरवलं नाही. मूटमध्ये हे वाक्य सांगितलंत तर निम्मे परीक्षक तिथेच गप्प होतील.

एवढं करूनही कुणी विचारलंच की हे आकडे आणायचे कुठून, तर उत्तर खुद्द हँड यांचंच आहे. १९४९ च्या मोइसान विरुद्ध लॉफ्टस खटल्यात त्यांनी लिहिलं की या घटकांना प्रत्यक्षात आकड्यांत मोजता येत नाही. सूत्र विचार कुठल्या क्रमाने करायचा ते सांगतं. कॅल्क्युलेटर म्हणून ते वापरू नका.

आमच्या जेटीवर एखादं नवं सुरक्षा-उपकरण सगळ्यांकडे नसतं. उद्या अपघात झाला तर ‘धंद्यात कुणीच वापरत नाही’ हे उत्तर कोर्टात चालेल का? — ट्रॉलरमालक, कुटबण

हँड यांच्या कोर्टात हेच उत्तर दिलं गेलं होतं आणि ते चाललं नाही. मार्च १९२८ मध्ये दोन टग, ‘माँट्रोज’ आणि ‘टी. जे. हूपर’, व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून कोळशाच्या बार्ज ओढत न्यूयॉर्ककडे निघाले. न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ वादळाने गाठलं आणि दोन बार्ज मालासकट बुडाल्या. वादळाचा इशारा रेडिओवर आला होता. त्याच वाटेने जाणाऱ्या इतर टगांनी तो ऐकला आणि डेलावेअरच्या बंधाऱ्याआड आसरा घेतला. या दोन टगांवर चालू स्थितीतला रेडिओच नव्हता. मालकांचा बचाव: रेडिओ ठेवायची रीत या धंद्यात नाही.

१९३२ च्या निकालात हँड म्हणाले ते साधारण असं: बहुतेक वेळा धंद्याची रीत हीच शहाणपणाची रीत असते, पण मोजपट्टी ती नव्हे, अख्खा धंदाच नवी, सहज मिळणारी साधनं घेण्यात मागे पडलेला असू शकतो. रेडिओ-संच थोडक्या पैशांत मिळत होता आणि त्याने जीव वाचत होते, तेव्हा शेजाऱ्याकडे नाही ही सबब होऊ शकत नाही.

तुमच्यासाठी तीन गोष्टी तपासण्यासारख्या: उपकरण बाजारात सहज मिळतं का, किंमत बोटीच्या आणि माणसांच्या मानाने किरकोळ आहे का, आणि ते चालू ठेवलं होतं का. तिसरी गोष्टच लोक विसरतात. बंद पडलेला संच केबिनमध्ये टांगलेला असणं म्हणजे संच नसणंच. आणखी एक, परवान्याच्या अटीत किंवा नियमात उपकरण सक्तीचं असेल तर वाद तिथेच संपतो, हँडपर्यंत जायची वेळच येत नाही. अमेरिकेचा हा निकाल इथल्या कोर्टावर बंधनकारक नाही. युक्तिवादाला आधार म्हणून देता येतो, इतकंच.

कर कमी बसेल अशी व्यवस्था करणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं हँड यांनी लिहिलंय ना? क्लायंटला दाखवायला नेमका संदर्भ हवा. — सीए, मडगाव

संदर्भ: हेल्व्हरिंग विरुद्ध ग्रेगरी, १९३४, ६९ एफ. टू-डी ८०९. पण दाखवण्याआधी निकाल वाचा, कारण या खटल्यात करदाती हरली.

एव्हलिन ग्रेगरी यांच्या मालकीच्या एका कंपनीकडे दुसऱ्या कंपनीचे १,००० शेअर होते. ते थेट अंगावर घेतले असते तर लाभांश म्हणून जबर कर बसला असता. म्हणून १८ सप्टेंबर १९२८ ला एक नवी कंपनी काढली, तीन दिवसांनी शेअर तिच्याकडे वळवले, २४ तारखेला ती कंपनी गुंडाळली, आणि हाती आलेले शेअर त्याच दिवशी विकले. प्रत्येक कागद कायद्याच्या अक्षराला धरून होता. हँड यांनी आधी म्हटलं की प्रत्येकाने आपले व्यवहार कमीत कमी कर बसेल असे आखावेत, सरकारी तिजोरीला सोयीचा मार्ग निवडायला कुणी बांधील नाही. आणि मग लगेच ठरवलं की कायद्यातली ‘पुनर्रचना’ म्हणजे चालत्या धंद्याची पुनर्रचना. सहा दिवस जगलेल्या कंपनीला धंदाच नव्हता. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला.

पहिला भाग क्लायंटला गोड लागतो, दुसरा भाग खात्याचा वकील वाचून दाखवतो. आपल्याकडे मॅकडॉवेल (१९८५), आझादी बचाओ आंदोलन (२००३) आणि व्होडाफोन (२०१२) या निकालांत याच दोन टोकांमधली ओढाताण दिसते. २०१७ पासून आयकर कायद्यातल्या ‘गार’च्या (कर टाळण्याविरुद्धच्या सर्वसाधारण नियमांच्या) तरतुदीही लागू आहेत, तेव्हा १९३४ च्या वाक्यावर आजचा व्यवहार टांगू नका.

माझ्या नाटकाची कल्पना दुसऱ्या मंडळाने उचलली. हँड यांची ‘कल्पना आणि मांडणी’ची कसोटी मला उपयोगी पडेल? — नाटककार, फोंडा

कसोटी उपयोगी, पण बहुधा तुमच्या विरुद्ध. १९३० च्या निकोल्स विरुद्ध युनिव्हर्सल पिक्चर्स खटल्यात नाटककार ॲन निकोल्स यांची तक्रार होती की ज्यू आणि आयरिश कुटुंबांतली मुलं लग्न करतात, बाप भांडतात, शेवटी समेट होतो, हे सगळं चित्रपटाने चोरलं. हँड यांची रीत अशी: नाटकातले तपशील एकेक करून काढत जा. आधी संवाद जातील, मग प्रसंग, मग पात्रांचे स्वभाव, आणि शेवटी राहील फक्त विषय, कदाचित नुसतं नाव. या उतरंडीत एक जागा येते जिथून खाली कुणाचीच मालकी नसते. ती रेघ नेमकी कुठे, हे आधी सांगता येत नाही अशी कबुलीही तिथेच आहे. निकोल्स हरल्या: भांडकुदळ बाप आणि पळून लग्न करणारी पोरं ही सगळ्यांचीच मालमत्ता.

सहा वर्षांनी शेल्डन विरुद्ध एमजीएम खटल्यात हेच हँड लेखकाच्या बाजूने उभे राहिले, कारण तिथे प्रसंगांची साखळी आणि पात्रांची घडण उतरली होती. बाकी आमचं स्वतःचं कितीतरी आहे, हा बचाव त्यांनी धुडकावला. मात्र पैशाची वाटणी झाली तेव्हा लेखकाच्या वाट्याला चित्रपटाच्या नफ्याचा पाचवा हिस्सा आला, उरलेली कमाई नट-दिग्दर्शकांची धरली गेली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा आर. जी. आनंद निकाल याच वाटेवरचा आहे, आणि तिथेही नाटककार हरला. तेव्हा तक्रारीआधी दोन्ही संहिता शेजारी ठेवून प्रवेशवार तक्ता करा: प्रसंग, पात्र, वळण, संवाद. ‘विषय सारखा’ एवढंच हाती लागलं तर वकिलाच्या फीचे पैसे पुढच्या प्रयोगाला लावा.

एवढा मोठा माणूस सर्वोच्च न्यायालयात का गेला नाही? — वकील, पणजी

राजकारण आणि वय. १९१२ मध्ये हँड यांनी थिओडोर रूझवेल्ट यांची बाजू घेतली, म्हणजे तीन वर्षांपूर्वी आपल्याला नेमणाऱ्या टाफ्ट यांच्या विरोधात. पुढच्या वर्षी न्यायाधीशपदावर असतानाच राज्याच्या वरिष्ठ कोर्टासाठी निवडणूकही लढवली आणि हरले. टाफ्ट पुढे सरन्यायाधीश झाले आणि १९२२ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांना कळवलं की हा माणूस तिथले उदारमतवादी न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्या कळपात जाईल. १९४२ मध्ये जागा रिकामी झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयातलेच न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी हँड यांच्यासाठी इतका लकडा लावला की फ्रँकलिन रूझवेल्ट वैतागले. शिवाय हँड ७० वर्षांचे झाले होते, आणि सत्तरीपलीकडच्या न्यायमूर्तींवरून पाचच वर्षांपूर्वी रूझवेल्ट यांनी रान उठवलं होतं. जागा ४८ वर्षांच्या वाइली रटलेज यांना मिळाली.

एकदा मात्र त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचं काम केलं. ॲल्युमिनिअम कंपनी अल्कोआविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात इतके न्यायमूर्ती बाजूला झाले की किमान सहांची गणपूर्ती होईना. संसदेने १९४४ मध्ये खास कायदा करून अपील सेकंड सर्किटच्या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांकडे दिलं. १९४५ च्या निकालातले हँड यांचे आकडे प्रसिद्ध आहेत: बाजाराचा ९० टक्के हिस्सा मक्तेदारीला पुरेसा, ६० किंवा ६४ बद्दल शंका, ३३ नक्कीच नाही. परदेशात केलेल्या कराराचा परिणाम देशात होत असेल तर देशाचा कायदा लागू, हेही त्यात आहे. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३२ याच विचाराचं.

१९१७ मध्ये भाषणस्वातंत्र्याचे कैवारी आणि १९५० मध्ये कम्युनिस्टांची शिक्षा कायम करणारे, हे एकच हँड का? — वाचक, डिचोली

एकच. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या पोस्टमास्तरांनी युद्धविरोधी ‘द मासेस’ मासिकाचा अंक टपालातून न्यायला नकार दिला. डिस्ट्रिक्ट न्यायाधीश असलेल्या हँड यांनी पोस्टमास्तरांविरुद्ध मनाई हुकूम दिला. कायदा मोडा असं थेट सांगणं वेगळं आणि सरकारवर कडवट टीका करणं वेगळं, ही त्यांची कसोटी. काही महिन्यांत अपील कोर्टाने तो हुकूम उलटवला.

१९५० च्या डेनिस खटल्यात ११ कम्युनिस्ट नेत्यांची शिक्षा कायम करताना त्यांनी वेगळं माप वापरलं: संकट किती मोठं, ते न घडण्याची शक्यता वजा करता, आणि त्यापुढे भाषणावरचं बंधन समर्थनीय ठरतं का. बार्जचंच सूत्र, फक्त पिठाच्या जागी राज्य उलथवण्याची भीती. आमच्या मते हा त्यांचा सर्वांत दुबळा निकाल. एल अमाप धरला की पी कितीही छोटा असला तरी गुणाकार मोठाच येतो, आणि मग कुठलंही भाषण गप्प करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, पण १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालात तिथला कायदा १९१७ च्या हँड यांच्या बराच जवळ परतला. आपल्याकडे २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशी जी विभागणी आहे तीही त्याच बाजूची.

‘क्वोट लर्नेड, फॉलो गस’ मधला गस कोण? — विद्यार्थी, वास्को

त्यांचे चुलत भाऊ ऑगस्टस नोबल हँड. तेही आधी त्याच डिस्ट्रिक्ट कोर्टात, मग त्याच सेकंड सर्किटवर. वाक्यं लर्नेड यांची घ्या, वाट गस यांची धरा, असा वकिलांचा टोमणा. निकाल उद्धृत करताना नुसतं ‘जज हँड’ लिहू नका; त्या काळात एकाच पीठावर दोघेही सापडतात.

अमेरिकन सायटेशन (निकालाचा संदर्भ) वाचायचं कसं? — विद्यार्थी, कुडचडे

‘१५९ एफ. टू-डी १६९ (सेकंड सर्किट १९४७)’ म्हणजे फेडरल रिपोर्टरच्या दुसऱ्या मालिकेचा खंड १५९, पान १६९ पासून. ही मालिका १९२४ ला सुरू होते. त्याआधीचं नुसतं ‘एफ.’ असेल तर कंसाकडे नीट बघा, कारण पहिल्या मालिकेत डिस्ट्रिक्ट आणि अपील दोन्ही कोर्टांचे निकाल एकत्र आहेत. मासेसचा हँड यांचा हुकूम २४४ एफ. ५३५ वर आहे आणि तो उलटवणारा निकाल २४६ एफ. २४ वर. पहिला एकटाच देणारे विद्यार्थी इथेच मार खातात. ‘एफ. सप.’ म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्टांची १९३२ नंतरची मालिका, ‘यू. एस.’ म्हणजे सर्वोच्च न्यायालय. ‘सर्ट. डिनाइड’ लिहिलेलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला एवढंच समजा. निकाल बरोबर ठरवला असा त्याचा अर्थ होत नाही.